प्लासिदने उघडलेला कॉक

प्लासिद लुद्रिकला पाण्याबद्दल काही सांगायला जाऊ नये, हे आमच्या मालवणच्या धुरीवाड्यात लहान पोरालाही माहीत आहे. तुम्ही म्हणालात विहिरीला मचूळ चव आली, तर तो म्हणणार तुमची जीभ बिघडली. तुम्ही म्हणालात आज भरती मोठी आहे, तर तो म्हणणार ही कसली मोठी. त्याचं सगळं आयुष्य देवगड बंदरातल्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळण्यात गेलं. पायाखाली इंजिन, नाकात डिझेल आणि चारी बाजूंनी समुद्र. अशा माणसाला आपल्याला पाण्यातलं सगळं कळतं असं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. दोष एवढाच, की तो ते बोलूनही दाखवतो, आणि ऐकायला बहुतेक वेळा मी असतो.

मी शंकर, त्याचा शेजारी. वीज मंडळात वायरमन होतो. त्याच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये एक दगडी गडगा आहे, तोही आता कमरेएवढा उरलाय. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, मार एकत्र खाल्ला आणि भांडणं आजतागायत चालू ठेवली. त्यामुळे त्याच्याविषयी मी जे सांगेन त्यात थोडा राग असणार. तो गृहीत धरून पुढे ऐका.

प्लासिदची बायको सेलेस्तीन दोन वर्षांपूर्वी वारली. ती होती तोवर त्या घरात आवाज होता, वास होता, नाताळात तर चुलीवर दोदोल घोटताना तिची हाक आमच्या पडवीपर्यंत यायची. ती गेली आणि हा माणूस बंद पडला. चहा-पावावर दिवस काढायचा, रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीत तशाच. एकदा जेट्टीवर चक्कर येऊन पडला. आम्ही रिक्षात घालून घरी आणला, तर शुद्धीवर आल्याआल्या पहिलं वाक्य काय, तर सँड्रीनाला सांगायचं नाही.

सँड्रीना ही त्याची एकुलती मुलगी. तेव्हा कुडाळच्या एका इस्पितळात नर्स होती. बापाच्या पडण्याची बातमी तिला अखेर मासेवालीकडून कळली. त्या दिवशी ती जे बोलली ते मी गडग्याच्या अलीकडून ऐकलं. बाप पडला याचा तिला राग नव्हता, बाप लपवतो याचा होता. ‘तू माका सांगणस नाय, तर मी तुका सोडून खंय जावचा कसा?’ असं ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून खरंच कुठे गेली नाही.

खरं तर जायची संधी तिला मिळाली होती. आयर्लंडमधल्या इस्पितळाची नोकरी. पहिल्या वेळी तिने बापाकडे बघून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हाही ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, की वडलांना एकटं ठेवता येत नाही. ते प्लासिदने मागच्या दारातून ऐकलं आणि तो तसाच गडग्याशी आला. चेहरा काळाठिक्कर.

“शंकर, माझ्यासाठी ह्या पोरीन आपलो जन्म हयसर कुजवूचो काय रे?”

मी म्हटलं, मग तिला दाखव की तू एकटा राहू शकतोस. त्यावर तो बराच वेळ गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. संध्याकाळी त्याने मुलीपुढे जो प्रस्ताव ठेवला, तो ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तो म्हणाला, त्या नोकरीच्या परीक्षेसाठी तुला बंगळूरला जायचंय ना, काही आठवडे तिथे राहायचंय ना, तर जा. दोदोलला मी सांभाळतो.

दोदोल म्हणजे तो गोड पदार्थ नव्हे. सँड्रीनाने पाळलेला प्राणी. त्याच्या जातीला अ‍ॅक्सोलोटल म्हणतात. बेडकाच्या भावकीतला, उभयचर, पण बेडूक जसा मोठा झाल्यावर पाण्याबाहेर येतो तसा हा येत नाही, जन्मभर पाण्यातच राहतो. वीतभर लांब, रंगाने अगदी दोदोलसारखा काळसर तपकिरी. चार इवले पाय, रुंद तोंड, कायम काहीतरी गंमत आठवल्यासारखं हसरं. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन पिसं. ती पिसं म्हणजे त्याचे कल्ले, शरीराबाहेर फुललेले. माझी बायको सुशीला पहिल्यांदा बघून म्हणाली, पालीला कोणी झालर लावली?

सँड्रीनाने त्याची सरकारदरबारी नोंद केली होती, त्याच्यासाठी काचेची मोठी टाकी आणली होती, आणि याला उकाडा सोसत नाही म्हणून पाणी थंड ठेवणारं यंत्रही. मालवणात माणसं घामाने निथळतायत आणि हा गार पाण्यात. प्लासिद त्याला ‘जावंय’ म्हणायचा. आई गेल्यावर रात्रपाळी करून आलेली ती पोर तासन् तास त्या टाकीसमोर बसायची. त्यामुळे तिने बापाचा प्रस्ताव ऐकला आणि ती हसली नाही.

“दोदोल बरो रवलो, तर मी जातलंय,” ती म्हणाली. “तू सोताक सांभाळतस काय ता माका दुरसून दिसाचा नाय. पण तू कोणाक तरी सांभाळू शकतस, ह्या माका बघूचा आसा.”

बापलेकीचं असं ठरलं. एका मुक्या जिवाच्या शेपटीला तिचं आयर्लंड बांधलेलं. जायच्या आधी तिने त्याला सगळं शिकवलं. गांडूळ कसं धुवायचं, कसं चिमट्यात धरायचं, पाणी किती बदलायचं, थंडाव्याचा काटा कुठे असावा. प्लासिदने मान डोलावली, पुन्हा म्हणून दाखवलं. फिल्टरबद्दल ती एवढंच म्हणाली, की तो चालू ठेवायचा. त्यावर एक कॉक आहे आणि तो तिने मुद्दाम अर्धा बंद ठेवलाय, हे सांगायचं तिला सुचलं नाही. जी गोष्ट आपण एकदाच करून विसरून जातो, ती कोण कुणाला सांगतं?

ती गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी प्लासिद गडग्यावरून हाका मारायला लागला. गेलो. टाकीखालच्या कपाटाचं दार उघडं, हा उकिडवा बसलेला, डोळ्यांवर चष्मा. फिल्टर म्हणजे तिथे ठेवलेला एक बंद डबा. एका नळीने टाकीतलं पाणी खाली येतं, डब्यातल्या स्पंजांतून गाळलं जातं, आणि दुसऱ्या नळीने मोटर ते परत वर ढकलते. त्या परतीच्या नळीवर पाण्याचा जोर कमीजास्त करायचा छोटा कॉक. आणि वर टाकीत त्या नळीच्या टोकाला भोकाभोकांची आडवी कांडी, जिची भोकं मागच्या काचेकडे वळवलेली.

“बघ,” प्लासिद म्हणाला. “कॉक अर्धो बंद. आणि पाणी खंय मारता, तर भिंतीर. पोरगी शिकली इतकी, पण मशीन कळणा नाय.”

आता हे समजून घ्यायला हवं, नाहीतर प्लासिद तुम्हाला मूर्ख वाटेल, आणि तो मूर्ख नाही. बोटीच्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात. त्या पाण्याचा कॉक अर्धा राहिला की इंजिन तापतं, आणि भर समुद्रात इंजिन धरलं, म्हणजे तापून जाम झालं, की मग देवाचं नाव घ्यायचं. त्याच्या ओळखीच्या एका बोटीचं तसं झालं होतं, नवख्या माणसाने कॉक पुरता उघडला नव्हता. तेव्हापासून प्लासिद ज्या बोटीवर चढेल तिथे आधी कॉक तपासायचा, मग खांद्यावरची पिशवी ठेवायचा. त्याच्या हातात असताना एकही इंजिन तापलं नाही, हे तो मयतीलासुद्धा सांगतो. अशा माणसासमोर अर्धा बंद कॉक आला, तर दुसरं काय होणार?

त्याने कॉक पूर्ण उघडला. कांडी फिरवून भोकं टाकीच्या मध्यावर आणली. पाणी असं घुसळलं गेलं की तळाची रेती उठली. दोदोल टाकीच्या मधोमध, चारी पाय रोवून, तोंड थेट त्या धारेकडे करून उभा राहिला. कल्ल्यांची पिसं पुढे वळलेली, शेपटीचं टोक आकड्यासारखं दुमडलेलं.

“बघ कसो उभो आसा! जितो मासो कायम करंटाच्या तोंडार रवता.”

मलाही तो ऐटबाज वाटला. मला करंट कळतो तो तारेतला.

तीन-चार दिवस बरे गेले. प्लासिद इतका खुशीत, की त्याने स्वतःसाठी पेजही शिजवली. मग एके दिवशी दोदोलने गांडूळ घेतलं नाही. चिमटा तोंडापाशी नेला, हा मान फिरवून घेतो. दुसऱ्या दिवशीही तेच. प्लासिदने माडाच्या आळ्यातली गांडुळं टाकून दुसऱ्या परसातली आणली. मग त्याला वाटलं पाणी जास्त गार झालं, मग वाटलं कमी झालं. सुशीला म्हणाली, वाडीतली अर्धी माणसं येऊन बघून गेली, दृष्ट लागली असेल. प्लासिदच्या घरातही दिष्ट काढतात, त्याची आई मिरच्या-मीठ ओवाळायची, त्यामुळे त्याने ना म्हटलं नाही. सुशीलाने टाकीवरून मिरच्या ओवाळल्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

आणि रोज संध्याकाळी सँड्रीनाचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. ‘दोदोल दाखव’ हे तिचं पहिलं वाक्य. पहिल्या दिवसांत प्लासिद फोन घेऊन टाकीशी मिरवायचा. आता तो म्हणायला लागला, की दोदोल टाकीतल्या मडक्यात झोपलाय. की नेट मिळत नाही. की आत्ताच जेवला आणि आता त्याला त्रास नको. एकदा तर मला मध्ये घातलं आणि मीही गाढवासारखा म्हणालो, होय गो, मी बघितलंय, गपागप खाल्ल्यान. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली आणि ती मी त्याच्यावर काढली.

“सांग तिका,” मी म्हटलं. “तिचा जनावर, तिका कळात काय झाला ता.”

“सांगलंय तर ती परीक्षा सोडून येतली. मगे संपला सगळा.”

यातही खोट नव्हती. ती खरोखर आली असती. पण न सांगून तरी काय होत होतं? दोदोल रोज थोडा बारीक होत होता. डोकं होतं तेवढंच, मागचं अंग सुकलेलं. हसरं तोंड तसंच, त्यामुळे बघवत नसे. आणि प्लासिद, जो पूर्वी टाकीपासून हलत नव्हता, तो आता पाठ करून पायरीवर बसायला लागला. मला वाटलं घाबरलाय.

एक दिवस मी सहज बोलून गेलो, की त्या पाण्याचा आवाज माझ्या पडवीत ऐकू येतो, जोर जरा जास्त नाही का? मला काही कळत होतं म्हणून नव्हे, मला त्या खळखळाटाचा कंटाळा आला होता. प्लासिद उसळला. पंपाचा गळा आवळायचा नसतो, तो म्हणाला. तोंड दाबलं की नळी फुटते नाहीतर पंप जळतो, बोटीवर कुणालाही विचार. मग मी माझी अक्कल चालवली. पंखा हळू करायला रेग्युलेटर असतो, तसा मोटरला लावू. घरात एक जुना होता, तो आणून मी जोडला. बटण फिरवलं, तशी मोटर कण्हायला लागली. ते माझ्या लक्षात येण्याआधी प्लासिदने प्लग उपटला होता.

“तुझी वीज तुझ्या खांबार ठेव,” तो म्हणाला, आणि मी रागाने घरी आलो.

नंतर त्याने मोटर परत होती तशी जोडली, पूर्ण जोरात. मी दोन दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही. सँड्रीनाची परीक्षा आता उद्यावर आली होती. दुपारी जेवून मी आडवा होतोय, इतक्यात गडग्यापलीकडून हाक आली. नेहमीची नव्हे. बोटीवर कुणाचा हात यंत्रात सापडला तर मारतील तशी. मी चपला न घालता गेलो.

प्लासिद टाकीसमोर स्टुलावर, सदऱ्याची बाही भिजलेली, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. मला आधी वाटलं याला विजेचा धक्का बसला, म्हणून मी बटणाकडे धावलो. तो म्हणाला, हात लावू नको. जवळ ये आणि बघ.

झालं होतं असं. धारेपुढे उभं राहायची दोदोलची ताकद संपली होती. पाण्याने त्याला उचललं, काचेवर आपटलं, आणि फिरवत नेऊन पाणी ओढणाऱ्या नळीच्या जाळीला आडवा चिकटवला. ते बघून प्लासिदने हात घातला आणि त्याला जाळीवरून सोडवला. पुन्हा वाहून जाऊ नये म्हणून धारेच्या आणि त्याच्यामध्ये पंजा आडवा धरला, द्रोणासारखा, त्याला स्पर्श न करता. आणि त्या पंजाच्या आडोशाला दोदोल तळाशी टेकला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याची पुढे वळलेली पिसं हळूहळू मागे गेली आणि फुलली. शेपटीचा आकडा सुटला. कॉक उघडल्यापासून असा तो मी बघितलाच नव्हता.

प्लासिदने परीक्षा म्हणून पंजा जरासा बाजूला घेतला. पिसं लगेच पुढे, शेपटी आकडा. पंजा आणला, पुन्हा सैल.

“शंकर, ह्येका करंट नको होतो रे,” तो म्हणाला. “तो ऐटीत उभो नाय होतो. तो धरून होतो.”

बाहेरच्या उकाड्यातही त्याचे दात वाजत होते, पाणी तेवढं गार. मी म्हटलं हात काढ, मोटर बंद करू. त्यावर तो म्हणाला, ती नुसती बंद ठेवली तर पाणी सडतं, त्यातच हगतो-मुततो तो. हेही खरंच होतं. जोर हवा तर जीव जातो, जोर नको तर पाणी मरतं, आणि कॉक आवळला तर पंप जळतो असं याचं इतक्या वर्षांचं ज्ञान सांगतं. तो तसाच हात धरून बसला. मी शेजारी उभा. दोन म्हातारे आणि एक जनावर, आणि कुणालाच पुढचं सुचत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीला घर आठवलं असणार. फोन खिडकीत होता. प्लासिदला उठता येत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाजू द्यायला तयार होतो. हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.

“उचल,” तो म्हणाला. “आणि हयसर धर.”

मी फोन त्याच्यासमोर धरला. सँड्रीनाने आधी बापाचा चेहरा बघितला, मग भिजलेली बाही, मग काचेतला हात आणि हाताखाली ते वाळलेलं अंग. मग ती नर्स झाली. आवाज एकदम सपाट.

“किती दिवस जेवूक नाय तो?”

प्लासिदने खरं सांगितलं. मडक्यात झोपलेला नव्हता, नेटही होतं, शंकरनेही खोटं सांगितलं, हे सगळं. आणि शेवटी, कुणी न विचारता, “कॉक मी उघडलंय,” असं.

ती म्हणाली, पप्पा, तो मी मुद्दाम आवळला होता. हा जीव संथ पाण्यातला. त्याला धार सोसत नाही. आणि परतीच्या नळीचा कॉक आवळला तर हा पंप जळत नाही, हा तुझ्या बोटीचा पंप नव्हे. मात्र पाणी ओढणाऱ्या नळीला हात लावू नकोस. मोटर उपाशी ठेवायची नाही, तिचं बोलणं फक्त हळू करायचं.

प्लासिदने डावा हात खाली नेला. उजवा पाण्यातच. कॉक थोडा थोडा फिरवताना त्याने डोळे मिटले होते आणि कान मोटरकडे लावला होता, ती कण्हेल या भीतीने. ती कण्हली नाही. आवाज बारीक होत गेला, तळाची रेती बसली. मग सँड्रीनाच्या सांगण्यावरून मी कांडी परत मागच्या काचेकडे वळवली आणि तिच्यावर फिल्टरच्या जादा स्पंजाचा तुकडा खोचला, म्हणजे उरलासुरला जोरही मरावा. शेवटी तिने खाण्याची एक गोळी टाकायला सांगितली. सरळ खाली गेली पाहिजे, ती म्हणाली. वाहत गेली तर अजून आवळ. पहिली गोळी तिरकी गेली. प्लासिदने कॉक आणखी केसभर फिरवला. दुसरी गोळी सरळ तळाला जाऊन बसली.

मग त्याने पंजा हळूच मागे घेतला. आम्ही तिघंही बघत होतो. पिसं मागेच राहिली.

“मी येतंय,” सँड्रीना म्हणाली. “रातच्या गाडयेन.”

“येव नको.”

“पप्पा, तू जेट्टीर पडलंस तेव्हाय सांगूक नाय. आताय सांगूक नाय. तुका सोडून मी जावचा तरी कसा?”

प्लासिदचा हात पांढरा पडला होता. तो त्याने सदऱ्याला पुसला आणि फोन माझ्याकडून घेतला.

“तेव्हा सांगूक नाय, ता खरा. पण आज मीच शंकराक फोन उचलूक सांगितलंय,” तो म्हणाला. “हेच्यापुढे सगळा सांगतलंय. बरा, वायट, सगळा. तू नसलंस तरी. शब्द देतंय. तू परीक्षा दी गो बाय.”

ती रडली. तोही रडला. मी खिडकीतून बाहेर बघितलं, कारण माझीही फार चांगली परिस्थिती नव्हती.

तिने परीक्षा दिली. दोदोलने लगेच खाल्लं असं मात्र नाही. नंतरचे दिवस जीव टांगणीला होता. प्लासिद रोज चिमट्यात गांडूळ धरून बसायचा, आणि संध्याकाळी फोनवर सांगायचा, आजही नाही. न लपवता. ती म्हणायची, थांब, उद्या बघ. आणि एका सकाळी दोदोलने मान वळवली, क्षणभर थांबला, आणि खपकन गांडूळ ओढलं. प्लासिदची हाक मला गडग्यापलीकडून आली तेव्हा मी दाढी करत होतो. गालावर ओरखडा उठला.

पुढचं सगळं सरळ झालं. ती आली, दोदोलला बघितलं, कॉक बघितला, आणि बापाने रोज घेऊन गोळ्यांची पाकिटं रिकामी केलीत हेही बघितलं. निकाल आला, व्हिसा आला. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. प्लासिद इस्त्रीचा सदरा घालून ताठ उभा. ती आत गेली तरी काचेपलीकडे बघत हात हलवत राहिला.

घरी आलो. त्याने दोदोलला खायला घातलं आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला. मी म्हटलं, जिंकलास की रे तू. पोरगी गेली शेवटी.

“शंकर,” तो म्हणाला, “तो जेवणा नाय होतो ना, तेव्हा एक दिवस माझ्या मनात इला, मरांदे. ह्यो मेलो तर ती खंय जावची नाय. म्हणान मी तिका सांगलंय नाय. पाठ करून बसलंय.”

मी विचारलं, मग हात कशाला घातलास?

“ता माका ठावक नाय. हात आपणच गेलो.” त्याने तो हात उलटासुलटा करून बघितला, जसं काही दुसऱ्याचाच आहे. “आता तिका सगळा सांगान म्हणान शब्द दिलंय. ह्या पण सांगूचा काय रे?”

इतके दिवस सांग, सांग म्हणून त्याच्यामागे लागलेला मी. मी म्हटलं, “ह्या नको सांगू.”

थोड्या वेळाने फोन वाजला. सँड्रीना मुंबईच्या विमानतळावर होती, पुढच्या विमानाला वेळ होता. दोदोल जेवला, असं त्याने सांगितलं. मग तिने त्याला विचारलं असावं, तू जेवलास का.

“नाय,” प्लासिद म्हणाला. “जेवूक मन होवक नाय. तू गेलंस ता माका बरा वाटूक नाय गो. अजिबात बरा वाटूक नाय. पण तू जा.”